मालेगावची उडती गाडी

फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, जत्रेतल्या पाळण्याचा डबा काढून त्याला कुणीतरी चाकं लावलीत. मग मोठा करून पाहिला. पुढून गुबगुबीत, मागे निमुळती होत गेलेली, पाण्याच्या थेंबासारखी निळी गाडी. अॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर रिव्हेटच्या सरळ रांगा, शेपटीवर जाळी. म्हणजे इंजिन मागे. फोटो पाठवणारे प्रवीण इंगोले. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला त्यांचं गॅरेज आहे. (नाशिककडचं मालेगाव वेगळं, मॅपवर नीट बघून निघा.) फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं की ही गाडी आजोबांनी स्वतः बनवली, इंजिन आता ठणठणीत आहे, पण नव्वदच्या आसपास गेलं की स्टिअरिंग रिकामं होतं.

'रिकामं' या शब्दापाशी मी थांबले. नियमित वाचकांना माहीत आहेच, मी पुण्यात गाड्यांच्या आकारावर काम करते आणि सुट्टीत जुन्या प्रायोगिक गाड्या शोधत हिंडते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत अशा थेंबासारख्या गाड्या बनवण्याचं वेडच होतं. हवा कापत जायचं कसं, हे त्या लोकांना चांगलं कळलं होतं. तीच हवा गाडीला वर उचलते, हे मात्र बऱ्याच जणांना रस्त्यावरून बाहेर फेकलं गेल्यावर कळलं. पुढची चाकं हलकी झाली की हातातलं स्टिअरिंग फिरतं, पण गाडी ऐकत नाही. त्यालाच प्रवीण 'रिकामं' म्हणत होते.

मी फोन केला. तेव्हा खरी घाई कळली. मालेगावजवळ एका गावाला वळसा घालून नवा सिमेंटचा रस्ता झाला होता. सरळसोट, गुळगुळीत आणि अजून बंद. पुढच्या आठवड्यात तो वाहतुकीला खुला होणार होता. साईटवरचे इंजिनिअर ओळखीचे असल्यामुळे तोवर सकाळच्या वेळी गाडी चालवून बघायची परवानगी मिळाली होती. एकदा रस्ता सुरू झाला की ट्रक, ट्रॅक्टर आणि म्हशींमधून शंभरचा वेग कुठला काढणार? "आणि आत्या म्हणते, गाडी शंभरनं चालवायची आणि तीच चालवणार," प्रवीण म्हणाले. आत्यांचं वय विचारलं, तर साठी ओलांडून बरीच वर्षं झाली होती.

मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी हे जेवताना सांगितलं. त्याने सुट्टी टाकली.

पुणे ते मालेगाव

पहाटे निघालो. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरपर्यंत नेहमीची रडकथा: ट्रक, वळणं, धाब्यांसमोर उलटसुलट घुसणाऱ्या गाड्या. तिथून समृद्धी महामार्गाला लागलात की मालेगावचा फाटा येईपर्यंत काहीच करायचं नसतं, हाच त्या रस्त्याचा धोका. डुलकी येते. दर तासाला थांबा, पाणी प्या, घरातून निघण्याआधीच टायरची हवा तपासा. पेट्रोल भरून घ्या आणि खाणं बरोबर ठेवा, मधल्या थांब्यांवर चहा आणि वेफर्सच्या पलीकडे फारसं काही मिळालं नाही.

आमची साधी हॅचबॅक एकशे दहानं चालली होती आणि मंदार एका हाताने संत्रं सोलायच्या बेतात होता. मी त्याला ओरडले, पण मनात आलं, ही गाडी जमिनीला अशी चिकटून राहते यामागे कितीतरी लोकांची चुकलेली गणितं आहेत.

फाट्यावरून उतरलो आणि हवा बदलली. जानेवारीचा महिना. तुरीची सोंगणी चाललेली, हरभरा घाट्यांवर आलेला, रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या कुटाराचे, म्हणजे भुशाचे, ढीग. मालेगाव म्हणजे तालुक्याचं गाव, हमरस्त्यावरची दुकानं, बियाण्यांचे फलक, बसस्टँड आणि मोटरसायकलींचा गलका. राहायला बसस्टँडजवळ साधे लॉज आहेत, हजाराच्या आत खोली मिळते आणि गरम पाणी सकाळीच येतं. आम्ही खोली घेतली, पण तिथे झोपण्यापुरतेच गेलो. बाकी वेळ विमलताईंनी आम्हाला सोडलं नाही.

विमलताई इंगोले म्हणजे प्रवीणच्या आत्या. ग्रामीण रुग्णालयात नर्स होत्या, निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी गावात सगळे त्यांना अजून 'सिस्टर'च म्हणतात. उंच, सडपातळ, पांढरे केस आखूड कापलेले. हनुवटीवर एक जुना व्रण. प्रवीणच्या गॅरेजमागेच त्यांचं घर. जयभीम झालं, पाणी झालं, आणि चहा यायच्या आतच त्यांनी आम्हाला मागच्या शेडमध्ये नेलं.

फोटोत गाडीचा आवाका कळत नाही. ती लांब आहे, आणि तिला कुठे कोपराच नाही. समोरून हात ठेवला की तो आपोआप घसरत टपावर, टपावरून पाठीवर आणि तिथून शेपटीपर्यंत जातो. सुदाम इंगोले, विमलताईंचे वडील, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये बसच्या बॉडीचं पत्राकाम करायचे. भंगारात निघालेली एका जुन्या गाडीची चासी त्यांनी घेतली, इंजिन उचलून मागे टाकलं आणि तीन-चार वर्षं सुट्टीच्या दिवशी खपून ही बॉडी ठोकली. मी रोज संगणकावर असे वक्र काढते. हातोडी आणि वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून काढलेला हा वक्र मी हात फिरवून बघितला. मी नुसती गाडीभोवती फिरत राहिले.

चहा पिताना विमलताईंनी बाकीचं सांगितलं. गाडी झाली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. एका रविवारी वडील त्यांना घेऊन वाशिमच्या रस्त्याने निघाले. रस्ता मोकळा होता, वेग वाढत गेला, आणि एका जागी पुढचं टोक हलकं होऊन गाडी सरळ शेतात गेली. वडिलांच्या गळपट्टीचं हाड मोडलं. हनुवटीवरचा व्रण त्याच दिवसाचा. दुसऱ्या दिवसापासून गावात तिचं नाव पडलं, उडती गाडी. सुदाम इंगोल्यांनी तिचा पत्रा पुन्हा ठोकून सरळ केला, पण त्यानंतर गाडी फक्त जयंतीच्या मिरवणुकीत निघाली, फुलांनी सजवून, माणसाच्या पावलाच्या वेगाने.

"बाबा शेवटपर्यंत म्हने, आकार बराबर हाय, काहीतरी लहानसं चुकून राह्यलं," विमलताई म्हणाल्या. "लोकं हसत. बाबा बी हसे. पन शेडात येऊन एकटाच बसे."

रात्री निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे, घट्ट वरण, वांग्याची भाजी. रोडग्याचा वरचा कडक पापुद्रा तुपात बुडवून खायचा असतो, हे मंदारला शिकवावं लागलं नाही.

पहिली सकाळ, नवा रस्ता

सकाळी गाडी त्या नव्या रस्त्यावर आणली. धुकं जेमतेम विरलं होतं. एका टोकाला पाण्याचा टँकर आडवा, दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर. इंजिनिअर साहेबांनी अटी आधीच सांगितल्या: हेल्मेट, सीटबेल्ट, रस्त्यावर इतर कुणी नाही, आणि त्यांनी हात वर केला की थांबायचं. प्रवीणने सीटबेल्ट आधीच बसवले होते. विमलताईंनी औषधपेटी आणि दुमडता स्ट्रेचर आणला होता. तो स्ट्रेचर बघून मंदारने सीटबेल्ट पुन्हा ओढून बघितले.

माझी पद्धत साधी आहे, घरी कुणी करणार असेल तर करून बघा. लोकरीचे बोटभर धागे चिकटपट्टीने गाडीभर लावायचे. गाडी धावताना धागे अंगाला चिकटून एका दिशेला राहिले, तर हवा नीट वाहते आहे. ते उलटेसुलटे फडफडले, तर तिथे हवा बिनसली. दुसरं, पुढच्या आसाला पेन्सिल बांधायची आणि गाडीच्या अंगाला पुठ्ठा. पुढचं टोक वर उचललं की पुठ्ठ्यावर रेघ सरकते. ती किती सरकली म्हणजे किती वजन उचललं गेलं, हे कळण्यासाठी आधी उभ्या गाडीच्या चासीच्या पुढच्या टोकावर फळी टाकून मंदारला तिच्यावर बसवलं. रेघ तीन बोटं सरकली. म्हणजे तीन बोटं बरोबर एक मंदार.

प्रवीणने साठपर्यंत गाडी नेली, मग ऐंशीपर्यंत. धागे बघण्यासारखे होते. नाकापासून शेपटीपर्यंत सगळे शहाण्यासारखे अंगाला चिकटून. सुदाम इंगोल्यांच्या आकारात कुठेही हवा बिनसत नव्हती. पण पुठ्ठ्यावरची रेघ ऐंशीला दीड बोट सरकली होती. अर्धा मंदार वर उचलला गेला होता. इंजिन मागे असल्यामुळे या गाडीच्या पुढच्या चाकांवर मुळातच वजन कमी, त्यातून अर्धा माणूस गेला तर उरणार काय? आणि वेग दुप्पट झाला की ही उचल चौपट होते. म्हणून गाडी साठला साधी वाटते आणि शंभरकडे जाताना अचानक दगा देते.

उचल येते कुठून, हे विमलताईंना मी हाताच्या पंजाने दाखवलं. गोल पाठीवरून जाताना हवा वेग घेते, तिथला तिचा दाब कमी होतो. पोटाखाली मात्र ती कोंडली जाते आणि खालून ढकलते. पक्ष्याचा पंख असाच असतो. थेंबाचा आकार हवेला आवडतो, म्हणूनच हवा त्याला उचलूनही घेते. त्यांनी माझा पंजा धरून थोडा वर-खाली तिरका करून बघितला आणि मान हलवली.

मला वाटलं, उपाय सोपा आहे. नाकाखालून हवा आत शिरू द्यायची नाही. प्रवीणकडे मळणीयंत्राचा जुना रबरी पट्टा होता. तो कापून नाकाखाली दाढीसारखा लावला. फरक पडला, रेघ बोटभरच सरकायला लागली. आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या आणि प्रवीण नव्वदला निघाला. मधेच शेताकडून वाऱ्याचा एक झोत आला. मी कडेला उभी होते. मला दिसलं की गाडी हळूच एका बाजूला सरकली, जणू कुणी तिला कोपराने ढकललं. प्रवीणने पाय उचलला म्हणून ती रस्त्यावर राहिली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"नाई जमत, ताई. अजून रिकामंच हाय," एवढंच म्हणाला.

इंजिनिअर साहेब सज्जन माणूस. त्यांनी बंदी घातली नाही, पण म्हणाले, उद्या नका, परवाची एक सकाळ घ्या, त्यानंतर पट्टे रंगवायला माणसं येतील.

खरं सांगायचं तर दुपारी लॉजवर मी मंदारला म्हणाले, आपण त्यांना नाही म्हणून सांगू. माझ्या शब्दावर एक बाई शंभरच्या वेगाने जाणार होती. ऐंशीला चांगली दिसणारी गाडी शंभरला काय करेल, याची खात्री माझ्याजवळ नव्हती. मंदार म्हणाला, आधी त्यांच्याशी बोल.

एक जुनी आठवण आणि मंगरूळपीर

संध्याकाळी गेलो तर विमलताई शेडमध्ये जुन्या चादरीवर बसून गाडी पुसत होत्या. मी माझी भीती सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग मी सहज विचारलं की अपघाताआधी गाडी कधी वेगात चालली होती का.

त्या म्हणाल्या, चालली होती ना. सुरुवातीचे काही दिवस बाबा जऊळक्याच्या स्टेशनपर्यंत जोरात घेऊन जात, तेव्हा काही झालं नव्हतं. मग एकदा नाल्यातून उतरताना गाडीचं थोबाड दगडाला घासलं, पत्रा फाटला. बैलगाड्यांच्या चाकोऱ्या तर रोजच्याच होत्या. तेव्हा बाबांनी पुढचा भाग वर उचलून घेतला. पाहुण्यांना जुन्या गोष्टी सांगाव्यात तसं त्या सांगत होत्या, आणि मी गाडीच्या नाकाकडे वाकून बघायला लागले.

मी विचारलं, वर कसा उचलला? त्यांनी हाताने दाखवलं, काहीतरी ठोकळे घातले.

प्रवीण टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. पुढच्या आसावर ग्रीस, माती आणि रंगाचा इतका जाड थर होता की सगळं एकसंध लोखंडच वाटत होतं. त्याने पटाशीने खरवडलं. आस आणि पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांच्या, मधोमध दोन्ही बाजूंना लोखंडी ठोकळे निघाले, वितीला थोडे कमी. इतकी वर्षं ते आसाचाच भाग समजले गेले होते. मीही सकाळी तिथेच पेन्सिल बांधली होती आणि मलाही ते दिसले नव्हते.

आता सगळं जुळलं. त्या ठोकळ्यांमुळे गाडीचं नाक आकाशाकडे झालं होतं. तिरका धरलेला पंजा. पोटाखाली हवा भरायला उघडं दारच. आकार निर्दोष होता, पण त्या आकाराला हवं तसं जमिनीलगत बसू देईल असा रस्ता त्या काळी इथे नव्हता. सुदाम इंगोल्यांनी नाक वाचवलं आणि त्यातच गाडी उडाली. ठोकळे घालणं आणि शेतात जाणं यांत काही आठवडे गेले असतील, म्हणून दोन्हींचा संबंध कुणी लावला नाही.

हे सांगितल्यावर विमलताईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे बाबाचा आकार बराबर होता."

मी हो म्हणाले. त्यांनी फडकं उचललं आणि पुन्हा गाडी पुसायला लागल्या. तोच दरवाजा, जो आधीच पुसून झाला होता.

ठोकळे काढायचे तर पाटे आवळणारे यू बोल्ट आखूड हवेत, ते मालेगावात मिळेनात. म्हणून दुसऱ्या दिवशी विमलताईंना घेऊन मंगरूळपीर गाठलं. रस्ता बरा आहे, अधूनमधून खड्डे, दोन्हीकडे तुरी. बसनेही जाता येतं, पण बसची वाट बघण्याची तयारी ठेवा. एका पाट्याच्या दुकानात, जिथे ट्रकचे पाटे भात्यावर तापवून वाकवतात, तिथे मालकांनी बोल्ट करून द्यायचं कबूल केलं. तोवर आम्ही दर्ग्यात जाऊन आलो. आवार शांत, सावलीचं, उन्हातून आल्यावर फरशी पायाला गार लागते. बाहेर गरम भजी आणि तळलेली मिरची खाल्ली. विमलताईंनी त्यांच्या नोकरीचे किस्से सांगितले. या भागातल्या निम्म्या लोकांना आपण पहिलं इंजेक्शन दिलंय, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच असावं. बोल्ट घ्यायला गेलो तेव्हा कुठे दुकानाच्या मालकांनी त्यांना ओळखलं आणि ते उठून उभे राहिले.

परतल्यावर प्रवीणने ठोकळे काढले, नवे बोल्ट आवळले, चाकांची लाईन तपासली. गाडी पुढून खाली बसली. शेडच्या दारातून बघितलं तर तीच गाडी वेगळी दिसत होती. आधी ती वास घेत असल्यासारखी नाक वर करून उभी असायची. आता झेप घेण्याआधी दबून बसलेल्या मांजरासारखी दिसत होती. रबरी पट्टाही तसाच ठेवला, खालून कापून थोडा आखूड केला.

शंभर

त्या सकाळी रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणसं जमली होती. कुणी सांगितलं कुणास ठाऊक. गावातले म्हातारे, रुग्णालयातल्या विमलताईंच्या जुन्या सहकारी, तुरीच्या शेतातून आलेले मजूर. इंजिनिअर साहेबांनी सगळ्यांना टँकर आणि ट्रॅक्टरच्या मागे, रस्त्यापासून दूर शेतात उभं केलं.

आधी प्रवीण. साठ, ऐंशी, नव्वद. मी प्रत्येक वेळी पुठ्ठा बदलला. ऐंशीला रेघ हललीच नाही म्हटलं तरी चालेल. नव्वदला करंगळीच्या नखाएवढी. शेताच्या बाजूने वारा सुटेपर्यंत मुद्दाम थांबलो आणि त्याच जागेवरून गाडी नेली. गाडीने दाद दिली नाही. प्रवीण हसतच उतरला.

"आत्या, शंभर मी काढून दाखवतो, मंग तू बस," तो म्हणाला.

विमलताई हेल्मेटचा पट्टा बांधत होत्या. "तुले येते, मले माहीत हाय. पन त्या दिवशी गाडीत मी होती. आज बी मीच राहीन."

प्रवीणने किल्ली दिली.

मी शेजारी बसले. मी दिलेल्या शब्दाची जबाबदारी माझी होती, म्हणून मंदारला न विचारता बसले. आतून गाडी छोटी वाटते. पुढची काच दोन सरळ तुकड्यांची, मधे पट्टी. काटा नाचरा, म्हणून वेगासाठी माझा मोबाईल समोर चिकटवलेला. विमलताईंनी आरसा नीट केला, गिअर टाकला आणि निघाल्या. नवख्या माणसासारखा एकही धक्का नाही. त्या या गाडीच्या स्टिअरिंगवर कित्येक वर्षं मिरवणुकीत बसल्या आहेत हे तेव्हा लक्षात आलं.

साठला त्या रस्त्याकडे बघत होत्या. ऐंशीला त्यांनी पाठ थोडी पुढे घेतली. नव्वदच्या जवळ त्यांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी झाली. इथेच ते घडलं होतं, इथेच हात रिकामे होतात. त्यांनी स्टिअरिंग अगदी थोडं डावीकडे दिलं, तपासण्यासाठी. गाडी डावीकडे गेली. उजवीकडे दिलं, उजवीकडे आली.

"धरून हाय," त्या म्हणाल्या. मला नाही, स्वतःलाच.

आणि पाय दाबला. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव. मागे इंजिनाचा सूर चढला, खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी घालायला लागला, तुरीची शेतं हिरव्या-पिवळ्या पट्ट्यासारखी मागे गेली. शंभर. एकशे दोन. पुढचं टोक रस्त्याला असं चिकटलं होतं की सिमेंटच्या सांध्यांची प्रत्येक टकटक त्यांच्या तळहातापर्यंत पोहोचत असणार. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वाऱ्यामुळे, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

ट्रॅक्टर दिसल्यावर त्यांनी हळूहळू वेग कमी केला, गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मोठ्याने हसल्या. साठी ओलांडलेल्या माणसाचं हसू नव्हतं ते. पलीकडच्या टोकाकडून शिट्ट्या आणि आरडाओरडा ऐकू येत होता. लोक रस्त्यावरून धावत येत होते आणि इंजिनिअर साहेब त्यांना थांबवायचं विसरून त्यांच्याबरोबर धावत होते.

सगळ्यांत आधी पोहोचले ट्रॅक्टरमागे उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ, धोतर सावरत, काठी टेकत. ते सुदाम इंगोल्यांच्या वेळचे. खिडकीशी वाकून त्यांनी आत बघितलं आणि विमलताईंना म्हणाले, "सुदाम्याले आमी लय हसलो, बाई."

विमलताईंनी दार उघडलं आणि त्यांना आत बसायला सांगितलं. मी उतरून जागा दिली. पुढचा तासभर गाडी लोकांना घेऊन त्या रस्त्यावर फेऱ्या मारत होती, साठच्या पुढे न जाता. पट्टे रंगवणारी माणसं रंगाचे डबे घेऊन आली, तीही एकेक फेरी मारून मगच कामाला लागली.

दुपारी हरभऱ्याच्या सोल्यांची, म्हणजे हिरव्या दाण्यांची, भाजी, भाकरी, ठेचा आणि कढी. मंदारने चार भाकरी खाल्ल्या.

घरी

येताना पुन्हा समृद्धी. पुण्यात शिरलो तेव्हा संध्याकाळची गर्दी होती, दुसऱ्या दिवशी ऑफिस.

लोक विचारतात, जाण्यासारखं आहे का? जा. हिवाळ्यात जा, तुरी उभ्या असताना. दोन दिवस हाताशी ठेवा, मंगरूळपीर बघा, जवळच शिरपूरचं जैन मंदिर आहे, आम्हाला वेळ झाला नाही. गाडी बघायची असेल तर मालेगावात सिस्टरचं घर कुणीही दाखवेल. आधी विचारून जा आणि चहाला नाही म्हणू नका.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी इतकी वर्षं चुकलेल्या गाड्या बघत आले. प्रत्येकीत चूक कुठे आहे हे शोधायचं, मग ती दुरुस्त कशी करता आली असती हे लिहायचं. मालेगावात पहिल्यांदा असं झालं की शोधत गेले चूक आणि सापडला बरोबर माणूस. तो आता नाही, पण त्याच्या मुलीच्या हातात जे भरीव स्टिअरिंग आलं ते मी शेजारी बसून पाहिलं. ऑफिसात नवीन मुलांना आता वक्र शिकवताना मी आधी विचारते, ही गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार आहे?

परवा विमलताईंचा फोन आला. गाडी घेऊन त्या एकट्याच वाशिमला भाजी आणायला गेल्या होत्या. कागदपत्रं प्रवीणने सगळी नीट करून घेतली आहेत, त्यामुळे काळजी नव्हती. चौकात ट्रॅफिक पोलिसाने थांबवलं. त्याने कागद बघितले, गाडीला दोन फेऱ्या मारल्या, फोटो काढला आणि विचारलं, मॅडम, कोणत्या कंपनीची गाडी आहे?

"मंग तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगतो मंग? इंगोले."